म्हाळसाबाईचं वाडगं

म्हाळसाबाईचा थोरला, दीपक, ऊस घेऊन सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्याला निघाला आणि वाटेत ट्रॅक्टर उलटून जागीच गेला. तेव्हापासून लोणी भापकरच्या तिच्या घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ. दारात जीप थांबली की घरच्या बाईनं हेल काढून रडायचं, आलेल्या बाईनं गळ्यात पडून सूर मिळवायचा, मग चहा. दुःख असं सुराबरहुकूम येतं, हा शोध कुणी लावला कोण जाणे! म्हाळसाबाईनं तेराव्यापर्यंत रीत पाळली. पुढं गळ्यातून आवाजच निघेना.

तिला गप्प बसायला जागा हवी होती. एवढंच. पण पाहुण्यांनी भरलेल्या घरात बाईमाणसाला कोपरा कसला मिळतोय! घरामागं मेंढरं कोंडायचं जुनं दगडी वाडगं होतं. मेंढरं विकून ऊस लावला त्यालाही वर्षं लोटली. आत नुसते फुटके पाइप आणि खताची रिकामी पोती. तिनं ती बाहेर फेकली, ढासळलेले दगड पुन्हा रचले, जमीन सारवली, लिंबाच्या सावलीत सासऱ्याचं घोंगडं अंथरलं. बसायचं तोंड माळाकडं, घराकडं पाठ. लहानपणी दीपक तिथंच कोकरांत झोपायचा.

"पोरगं जाऊन म्हैना न्हाय झाला, आन वैनी वाडगं सारवत बसल्यात," नणंद धोंडाबाई चारचौघींना ऐकू जाईल अशी बोलली. "डोळ्यात टिपूस न्हाय. दगडाचं काळीज हाय."

"दगडाचं तर दगडाचं. मला तितं बसू द्या."

ती बसायची. रडू येईच असं नाही. श्वास तेवढा खाली उतरायचा.

एका दुपारी ती गेली, तर घोंगड्यावर तिचा नवरा, गेणू. ओट्यावर आल्यागेल्याला तंबाखू देत "देवाची मर्जी" म्हणणारा, बाप्यानं रडू नये हे चोख पाळणारा गेणू, तोंडात पटक्याचं टोक कोंबून हमसत होता. तिची चाहूलही त्याला लागली नाही. आत जावं का? नाही गेली. जागा तिनं एकाच्याच मापाची केली होती.

ती मागं वळली, तोच दारात जीप थांबली.

"गेणूआबा कुठं हायत?" म्हणत पाहुणे थेट घरामागंच निघाले. वाडग्यातला हुंदका इथवर ऐकू येत होता.

म्हाळसाबाईनं वाटेतच बसकण मारली, कपाळ बडवलं आणि मोठ्यांदा हेल काढला. बायका धावल्या. पुरुष अवघडून ओट्याकडं वळले.

"आत्ता कुठं बांध फुटला गं वैनीचा," धोंडाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली.

भिंतीपलीकडचा आवाज थांबेपर्यंत म्हाळसाबाईनं हेल आखडला नाही.