चाळीस मिलिमीटरचं गाणं

गंगाधरदादा गेले त्या सकाळी गिरडला पोचल्यावर मी पहिलं काम केलं, ते म्हणजे त्यांचा शेवटचा पाऊस सांडला.

दादा म्हणजे माझ्या बायकोचे, कुसुमचे, थोरले भाऊ. सरकारी नोकरीत इतर दहा कामांबरोबर त्यांच्याकडे पाऊस मोजायचं काम होतं आणि त्याचा नाद असा लागला, की मोडीत निघालेला एक पर्जन्यमापक त्यांनी मागून आणून घरच्या अंगणात बसवला. जमिनीत रोवलेलं पत्र्याचं नळकांडं, वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मापाच्या काचेत ओतायचं आणि आकडा वहीत लिहायचा. तीस वर्षांत एकही दिवस कोरा नव्हता. पाऊस नसेल तर शून्य, पण कोरा नाही.

कुसुम आठवडाभर त्यांच्या उशाशीच होती. पहाटे ते गेले. वर्ध्याला शेजारच्या दुकानात फोन आला, मी मिळेल ती बस धरली आणि साडेनऊच्या सुमारास अंगणात शिरलो. आत बायकांचं रडणं, बाहेर पुरुषांची कुजबुज. अशा वेळी जावई म्हणजे न लागणारं सामान, कुठंही ठेवलं तरी आडवं येतं. तेवढ्यात माझं लक्ष पर्जन्यमापकाकडे गेलं. माती ओली होती, म्हणजे आदल्या दिवशी पाऊस झाला होता, आणि साडेआठ तर कधीच होऊन गेले होते. मला वाटलं, आज निदान एवढं तरी आपल्या हातून होऊ दे. पंधरा वर्षं पाहत आलोय, त्यात काय अवघड आहे? नरसाळं काढलं, बाटली उचलली... आणि ओली काच हातातून सटकली. बाटली फुटली नाही. फक्त आडवी झाली आणि सगळं पाणी मातीत गेलं. कुणी पाहिलं नव्हतं. मी बाटली परत आत ठेवली, नरसाळं बसवलं आणि रडणाऱ्या माणसांत जाऊन उभा राहिलो. मलाही रडू येत होतं, पण त्यातलं किती दादांसाठी आणि किती बाटलीसाठी, ते मोजायला माप नव्हतं.

दादांची माझी पहिली भेट मला बघायला ते आले तेव्हाची. होय, मुलगी बघायला मी जायच्या आधी ते मला बघून गेले. शिक्षण, नोकरी, शेती, यातलं काही विचारलं नाही. म्हणाले, "पिच्चर पाहता का?" मी म्हटलं, पाहतो. "मंग पावसाचं कोणतं गाणं आवडते, ते सांगा." मी छाती काढून त्या वर्षी गाजत असलेल्या एका गाण्याचं नाव घेतलं. नायिका चिंब, नायक चिंब, मागचे नाचणारे वीस जण चिंब. दादांनी चहाचा कप खाली ठेवला. "चार मिलिमीटर," ते म्हणाले. मला वाटलं, स्थळ गेलं. पण जाताना दारात थांबून म्हणाले, "पोरगं खोटं बोलत नाई. अक्कल येईन हळूहळू." लग्न ठरलं. अक्कल किती आली, ते वर लिहिलंच आहे.

सिनेमातली पावसाची गाणी ते मिलिमीटरमध्ये मोजत. वहीच्या मागच्या पानांवर त्याची वेगळी यादी होती. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ते आम्हा दोघांना हिंगणघाटला दुपारच्या खेळाला घेऊन गेले. पडद्यावर मुसळधार सुरू झाली, पब्लिकच्या शिट्ट्या सुरू झाल्या आणि शेजारी दादा करवादले, "वारा नाई, ढग नाई, अन् पानी पाहा कसं सरळ पडून राह्यलं. पाइप लावला लेकानं!" मागून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, तुमाले पिच्चर पाहाचा हाय का इंजिनेरी कराची हाय?" दादा मागे वळून शांतपणे म्हणाले, "बापू, मीबी तिकीट काहाडलं हाय." बाहेर पडल्यावर मी वाद घातला. म्हटलं, पडद्यावर इतका पाऊस आणि तुम्ही देता पाच मिलिमीटर, हा काय न्याय? ते सायकल स्टँडपाशी थांबले. "जवाईबापू, पडद्यावरचा पाऊस मोजाचा नसते. बसल्या जागी आपन किती भिजलो, ते मोजाचं."

त्यांच्या यादीत सगळ्यात वर होतं एक जुनं गाणं. चाळीस मिलिमीटर. त्यात थेंबही पडत नाही. एक बाई उंबरठ्यावर उभी आहे, आभाळ भरून आलंय आणि ती नुसती वर बघून गाते. संपलं. मला ते गाणं वर्षानुवर्षं कंटाळवाणं वाटत आलं, आणि हे मी दादांना कधीच सांगितलं नाही. खोटं न बोलणारं पोरगं लग्नानंतर सुधारलं होतं.

त्या गाण्याचं मूळ मला कुसुमनं सांगितलं. त्यांची आई लवकर गेली. कुसुम तेव्हा सात-आठ वर्षांची, दादा तिच्याहून बरेच मोठे. वीज कडाडली की ही कोठीत जाऊन लपायची. दादांनी तिला एक खेळ शिकवला. घरावरच्या टिनावर पावसाचा आवाज ऐकायचा आणि किती मिलिमीटर होईल ते ओळखायचं. पण आकडा सांगायचा नाही, तितक्या मिलिमीटरचं गाणं म्हणायचं. रिमझिम असेल तर एक गाणं, जोराची सर असेल तर दुसरं. आवाज ऐकायच्या नादात ती वीज विसरायची. सकाळी दादा मोजत आणि बहुतेक वेळा दोघांपैकी एकाचं गाणं जवळपास खरं निघे. टिन वाजून वाजून दुसरं काही ऐकू येईनासं झालं, की दोघं मिळून उंबरठ्यावरचं गाणं म्हणत.

वहीत तिसरा रकाना होता, शेऱ्याचा. दादांचा सगळा खरेपणा त्या रकान्यात. एका पावसाळ्यात वहिनींच्या बकरीनं मापकाला धडक दिली आणि थोडं पाणी सांडलं. दादांनी उरलेला आकडा लिहिला आणि पुढे शेरा मारला: 'बकरीने धक्का दिला, आकडा भरवशाचा नाही.' मी हसून म्हटलं होतं, "दादा, कोन पाहते तुमची वही? समुद्रपूरच्या कचेरीतला आकडा विचारून लिहून टाका ना." ते हसले नाहीत. "तिथचा पाऊस तिथच्या लोकायचा. दुसऱ्या गावचा पाऊस आपल्या वहीत लिहाचा नाई. आपली चूक असन तं तेच लिहाची." आमच्या थोरल्याच्या बारशाला ते वर्ध्याला आले आणि जेवण झाल्याबरोबर शेवटच्या बसनं परत गेले, कारण सकाळचे साडेआठ. कुसुम तेव्हा रुसली होती. पण अंगणात पाऊस पडला असताना दादा घरी नाहीत, हे तिलाही पटलं नसतं.

तर अशा माणसाची वही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी ती कुसुमच्या हातात दिली. "तुये दादा म्हनत होते, हे कुसुमले देजो." कुसुमनं शेवटचं पान उघडलं. आजारपणातही आकडे होते. अक्षर वाकडं होत गेलेलं, शेवटचे सहा दिवस तर तिनंच मोजून, ते सांगतील तसे लिहिलेले. त्याखाली आधीच घालून ठेवलेली तारीख, पुढे कोरं. तीस वर्षांतली पहिली कोरी जागा.

"त्या दिवशी मापलंच नाई कोनी," ती म्हणाली. "मी आत होती त्यायच्यापाशी. मले वाटलं, तुमी तरी..." मी म्हटलं, "गडबडीत राहून गेलं." तिनं वही मिटली आणि पिशवीत घातली.

पुढचे पंधरा दिवस ती वही आमच्या घरात ट्रान्झिस्टरशेजारी होती. कुसुम येता-जाता तिच्यावर हात फिरवायची आणि मी नजर चुकवायचो. एक दिवस तर मी कामाचं निमित्त काढून समुद्रपूरला गेलो आणि कचेरीत त्या तारखेचा आकडा विचारून आलो. अठरा. कागदावर लिहून खिशात ठेवला. घरी येऊन पेन उघडलं... आणि मागची पानं चाळताना बकरी सापडली. तो शेरा, ते गोल अक्षर. एका मुक्या जनावराची चूक ज्यानं इतक्या सचोटीनं नोंदली, त्याच्या वहीत मी दुसऱ्या गावचा पाऊस घुसवायला निघालो होतो. कुसुम स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. मी तिच्यापुढे पाटावर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. बाटली, ओली माती, खिशातले अठरा, सगळं.

तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता फुटणार. पण ती हळू आवाजात म्हणाली, "आदल्या दिवशी दिवेलागनीले पाऊस आला. टिन असं वाजून राह्यलं होतं का बोललेलं ऐकू येईना. इज चमकली तं मी उगाच त्यायचा हात धरला. म्हटलं, दादा, किती? आकडा नाई सांगितला. आकडा कधीच सांगत नोहते. ओठ हालले, म्हनून मी कान जवळ नेला..." तिनं उंबरठ्यावरच्या गाण्याची पहिली ओळ गुणगुणली. अर्धीच. "एवढंच म्हटलं. पुढचं मी म्हटलं."

पंधरा वर्षांत ते गाणं मी शंभरदा ऐकलं असेल. बसल्या जागी भिजलो तो त्या दिवशी, पाटावर.

मी वही आणली, पेन उघडलं आणि तिच्याकडे पाहिलं. तिनं पदरानं डोळे पुसले, सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "चाळीस लिहा. अन् शेऱ्यात खरं काय ते लिहा. दादानं बकरीले सोडलं नाई, तं तुमाले काऊन सोडाचं?"