पिवळा दिवा आणि माझी माय

तेव्हा मी औंढा ते जवळा बाजार काळी-पिवळी जीप चालवायचो. नऊ माणसांच्या गाडीत पंधरा कोंबायचो, सोळावा मागं लोंबायचा, आणि तरी माझ्याइतका जबाबदार ड्रायव्हर अख्ख्या जिल्ह्यात नाही असं मला मनापासून वाटायचं.

आमच्या गावच्या फाट्यावर, उताराच्या तळाशी सिग्नल बसला. उतारावरून गाड्या बेफाम यायच्या, म्हणून बरंच अलीकडं एका खांबावर पिवळा दिवा लावला. सिग्नल लाल व्हायच्या बेतात आला की हा लुकलुकायचा, दोन्ही बाजूंनी दिसायचा. बसवायला आलेल्या साहेबानं आम्हा जीपवाल्यांना गोळा करून सांगितलं, "दिवा लुकलुकला की समजायचं, पुढं लाल होणार. वेग कमी करायचा." आम्ही माना डोलावल्या. लाल होणार, एवढं बराबर ध्यानात ठेवलं. राहिलेलं साहेबासोबत परत गेलं.

आधी तो उतार आम्ही नुसता जोरात उतरायचो. आता दिवा दिसला की जीव खाऊन उतरायला लागलो, लाल व्हायच्या आत निसटायला. स्टँडवर नियमच पडला की लालमध्ये अडकेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. मी कित्येक महिने फुकटचा चहा ढोसला. पॅसेंजरही काही कमी नव्हते. "दाब की, निघती गाडी," असा मागून हुकूम यायचा. एक आजोबा तेवढे दिव्याला हात जोडायचे. गाडी माझ्या हातात असल्यावर तेही रास्तच होतं म्हणा.

एका बाजारच्या दिवशी दिवा लुकलुकला आणि मी सवयीनं रेस दाबली. पण गाडी ओव्हरलोड, सिग्नल आधीच लाल झाला. ब्रेकवर उभाच राहिलो. जीप घसरत घसरत पांढरे पट्टे ओलांडून थांबली. रस्त्याच्या कडेला डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई उभी होती. बघतो तर माझी माय. तिच्या बाजूचा सिग्नल हिरवा झाला होता. ती हिरवा पाहून निघाली असती तर आत्ता माझ्या चाकाखाली असती. घाबरलो की मला राग येतो.

"माय, तुझा हिरवा लागलाय की. गेली काहून न्हाईस?"

"हिरव्याकडं कोन पाहतंय?" ती म्हणाली. "तिकडं पिवळा लुकलुकला की जीपवाले येऊन राहिले, असं समजायचं. ते गेले की मंग आमी जातो. गावातल्या समद्या बायांचं असंच हाय."

मी हँडब्रेक ओढला.

"मला वाटायचं, माझं पोरगं तसं न्हाई."

गाठोडं सावरून तिनं दोन्हीकडं पाहिलं. मग माझ्या जीपकडं परत एकदा नीट पाहून घेतलं, आणि मगच रस्ता ओलांडला.