फळा बाहेर आणा

आमच्या गल्लीच्या टोकालाच आइस हॉकीचा अरीना आहे. अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधली ही साधी वस्ती: लहान घरं, मेपलची झाडं आणि हिवाळ्यात चाकांच्या बॅगा ओढत फुटपाथवरून जाणारी मुलं. मॅचच्या दिवशी पाहुण्यांच्या गाड्या आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी उभ्या राहतात. ते मी चालवून घेते. तिथल्या मुलांच्या टीमच्या खाऊच्या पाळ्या, कोण कोणाला राइड देणार, हे सगळं मीच लावते, कारण दुसऱ्या कोणी लावलं की घोळ होतो. सांगायचं एवढंच, की मी तिथे उपरी नव्हते.

माझी बारा वर्षांची मुलगी त्या टीमची गोलकीपर. बाकी सगळे मुलगे. ते लॉकर रूममध्ये कपडे बदलायचे आणि हिला दिली होती सामानाची खोली: मॉप, बादल्या, फाटक्या जाळ्या, बंद पडलेला हीटर. त्यालाही माझी तक्रार नव्हती. वेगळी खोली हवीच. पण मॅचच्या आधी कोच मुलग्यांच्या खोलीत फळ्यावर डाव समजावून सांगायचे आणि हिला बोलवायला विसरायचे. "दार वाजवायचं राहूनच गेलं," म्हणायचे. दर वेळी! जिने गोल अडवायचा, तिलाच समोरचा कोण कुठून येणार ते माहीत नाही.

जानेवारीत एकदा जेवताना ती म्हणाली, "आई, आय वॉन्ट टू क्विट."

"का गं?"

"आय'म नॉट रिअली ऑन द टीम. आय जस्ट स्टँड इन द नेट."

नवरा म्हणाला, "यार, एकटीच मुलगी आहे, थोडं ॲडजस्ट करावं लागतं. कोच चांगला माणूस आहे."

ॲडजस्ट! या देशात आल्यापासून आम्ही हे एकच काम मन लावून केलंय. ऑफिसात केलं, शाळेत केलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी केलं. आता वर ते मुलीलाही शिकवायचं?

त्या शनिवारी माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायका गेल्या तशी मी काळ्या साडीवर जाड जॅकेट चढवलं, पायात स्नोबूट घातले आणि टीमला वाटायला तिळगुळाचा डबा घेऊन अरीना गाठला. सामानाच्या खोलीत लेक पॅड्स बांधून उलट्या बादलीवर बसली होती. समोरच्या बंद दारामागून कोचचा आवाज आणि मुलग्यांचं हसणं ऐकू येत होतं.

मी दार वाजवलं. "सगळ्यांचे कपडे घालून झाले?"

"हो," आतून कोच म्हणाले. मी आत गेले. दिवस गोड बोलायचे होते, पण तोंडात गोड काही येईना. डबा कोचच्या हातात दिला आणि भिंतीवरचा फळा काढला.

"अहो, आमचं अजून चाललंय," कोच इंग्रजीत म्हणाले.

"चालू द्या. बाहेर. तुमची गोलकीपर बाहेर आहे."

"कॉरिडॉरमध्ये फार गारठा आहे हो."

"मग तिच्या खोलीत काय शेकोटी पेटवलीये?"

एक मुलगा फिसकन हसला. मी फळा कॉरिडॉरच्या भिंतीला टेकवला. मुलगे एकेक करून बाहेर आले आणि डबा काखेत धरून कोचनी डाव पहिल्यापासून सांगितला. लेक लालबुंद झाली होती. "आई, प्लीज गो सिट डाउन," एवढंच म्हणाली.

मॅच हरलो. घरी जाताना ती बॅग ओढत माझ्या दहा पावलं पुढे चालत राहिली. मला वाटलं, आता ही नक्की सोडणार.

पुढच्या शनिवारी फळा पुन्हा आत, दार पुन्हा बंद. इतकं सांगूनही! माझं डोकंच फिरलं. मी कॉरिडॉरमधल्या बाकावरून उठले, तर सामानाच्या खोलीतून लेक आधीच बाहेर पडली होती, पॅड्समुळे फेंगडी चालत. तिने स्टिकच्या टोकाने दार ठोकलं.

"कोच! ब्रिंग द बोर्ड आउट. आय'म द गोली."

आणि दार उघडेपर्यंत ठोकत राहिली.