ठिपकेमास्तरांची नजर

ठिपकेमास्तर बोलता बोलता एकदम गप्प होत आणि समोर टक लावून बसत. नव्या माणसाला वाटे, यांना काहीतरी झालं. झालेलं काही नसे. चहाच्या बशीभोवती फिरणाऱ्या मुंग्यांतली एक त्यांनी नजरेनं धरलेली असे. ती भिंतीच्या फटीत शिरेपर्यंत आपल्या प्रश्नाला उत्तर मिळत नसे. मग "गेली" म्हणून सुस्कारा टाकत आणि विचारलेल्याचं नीट उत्तर देत. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, तर मात्र मुंगी फार वेळ फटीत शिरत नसे.

महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हाची ही गोष्ट. पुण्याकडचा मी, धाड गावच्या शाळेत चित्रकला शिकवायला आलो. मास्तर विज्ञान शिकवत. त्यांच्याच घरची पुढची खोली मला मिळाली. घरात ते आणि त्यांची म्हातारी माय, दोघंच. मास्तर वर्गात पुस्तकासारखं बोलत आणि शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं की मले-तुले सुरू होई. मी मनातल्या मनात हसायचो. दिवाळीला घरी गेलो आणि माझ्याच तोंडून 'का?'ऐवजी "काऊन?" निघालं, तेव्हा हसायची पाळी घरच्यांची आली.

वर्गाच्या पत्र्याला एक भोक होतं. त्यातून उन्हाची तिरीप येई आणि तिच्यात धूळ तरंगे. मास्तर मुलांना सांगत, यातला एक कण धरा आणि सोडू नका. थोड्या वेळानं विचारत, कुणाचा अजून आहे? झाडून सगळे हात वर. एखादंच पोर खाली मान घालून म्हणे, "माहा हरवला." पेपरमिंटची गोळी त्यालाच मिळे. बाकीच्यांना कळत नसे की हरवल्याचं बक्षीस कसलं. खरं सांगायचं तर मलाही कळत नसे.

मग शाळेला सूक्ष्मदर्शक मिळाला आणि मास्तरांना हर्ष झाला. पाण्यात दुधाचा थेंब मिसळून त्यांनी मला भिंगातून दाखवला. दुधातले बारीक बारीक कण कुणी ढकलत नसताना जागच्या जागी थरथरत होते, मध्येच भलतीकडे सरकत होते. पाण्याचे न दिसणारे कण त्यांना धक्के देतात, असं मास्तर म्हणाले. भिंगात चौकोनांची जाळी होती. ते डोळा लावून ठरावीक वेळानं चौकोन सांगत, मी कागदावर ठिपका देत असे, आणि शेवटी ठिपके रेघेनं जोडत असे. वेड्यावाकड्या रेघांचे ते कागद मुलांनी पाहिले आणि मास्तरांचं बारसं झालं.

एकदा दोन कण एकमेकांजवळ आले, चिकटल्यासारखे दिसले आणि पुन्हा सुटले. मास्तर थांबले. मी पेन्सिल धरून अवघडलो होतो. म्हटलं, कुठलाही घ्या ना, दोन्ही सारखेच तर आहेत.

"सारखे हायेत म्हनूनच तं घ्याचा नाही," ते म्हणाले. "रेघ तिथंच तोडा. दुसऱ्याले धरून आपलाच हाये म्हनू नये."

एवढ्याशा गोष्टीसाठी आवाज इतका का जड झाला, हे मला मायनं सांगितलं. मास्तरांच्या पाठचा एक भाऊ होता, नामा. दोघं लहान असताना घरची मंडळी शेगावला दर्शनाला गेली. गर्दीत नामावर नजर ठेवायचं काम थोरल्याला दिलं होतं. नामाच्या डोक्यावर लाल टोपी होती, ती धरून हा चालत राहिला. पुष्कळ लांब गेल्यावर टोपीवाल्यानं मागं वळून पाहिलं. टोपी तशीच, पोरगं दुसऱ्याचं. नामा मग सापडलाच नाही.

माझ्या दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात एसटीतून एक माणूस उतरला आणि विचारत विचारत दारात आला. नाव किसन. खानदेशात कुणाच्या तरी हॉटेलात वाढलेला, आईबाप ठाऊक नसलेला. इकडच्या कुणाचं तरी पोर शेगावला हरवलं होतं, असं त्याच्या कानावर आलं होतं. त्याला आठवत होतं ते एवढंच: एक विहीर, एक कडुनिंब आणि लाल टोपी. विहीर नि कडुनिंब कोणत्या गावात नसतात? लाल टोपीची हकीकत तर धाडच्या बाजारात पोरंसोरंही सांगत. शेताचा वाटा मागायला आलाय, असं गाव दुपारपर्यंत बोलू लागलं.

मायला नीट दिसत नव्हतं. तिनं त्याचे कान चाचपले, डोकं चाचपलं आणि मास्तरांकडे तोंड केलं. "तूच सांग. त्याच्यावर नजर तुहीच होती."

मास्तर दिवसभर त्याच्यामागेच होते. किसन पाणी कसं पितो, चप्पल कशी काढतो, पाहत राहिले. मला त्यांचा संताप आला. एक 'हो' म्हणायला यांचं काय जातं? म्हातारीचे राहिलेत किती दिवस? मी तसं बोललोही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दिवेलागणीला ते मायसमोर बसले. "माय, रेघ तुटली होती. हा नामाच हाये, असं मी म्हनत नाही. नाही, असंही म्हनत नाही." म्हातारीचा हात चुलीपाशी थबकला. मास्तर पुढं म्हणाले, "पन आजपासून याच्यावर नजर मी ठेवतो. आता सुटू देनार नाही."

मायनं तव्यावरची भाकर उलटली. मग म्हणाली, "मंग पानं घे दोघाईचे."

किसन राहिला. माय त्याला मरेपर्यंत नामा म्हणत होती, मास्तर किसनच म्हणत. शेत दोघांच्या नावावर झालं, आणि गावाला बोलायला दुसरे विषय मिळाले. माझी बदली झाली त्या दिवशी एसटी हलली, तेव्हा मास्तर टक लावून उभे होते. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी खिडकीतून हात आत घेतला नाही.

माझा नातू आता कॅमेऱ्यानं टिपलेल्या कणांच्या वाटा संगणकाकडून जोडून घेतो. दोन कण एकमेकांवरून गेले की यंत्रही फसतं, असं परवा तो कुरकुरत होता. मी त्याला म्हटलं, रेघ तिथंच तोड. त्याला आश्चर्य वाटलं, आणि मला धाड आठवलं.

मास्तर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली; मला ते उशिराच समजलं. भेटायला गेलो तर किसन अंगणात बसला होता, डोकं पांढरं झालेलं. म्हणाला, मास्तरांची खाट शेवटी इथंच टाकली होती. तो समोरच्या शेतात जिकडे जाई तिकडे त्यांची मान वळे. बांधाआड गेला की ते धडपडत उठून बसत.

"शेवटच्या दिवशी मले म्हने, किसन, समोर बस. हलू नको," तो म्हणाला. "मी बसलो. त्याईचे डोळे मिटले, तरी मी लई वेळ हललो नाही."