हळदीच्या सीडीतला साहेब

लग्नघरात मला कधी कोणी काम सांगत नसे. जालन्यात वीस वर्षं संसार केला, एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून दिवसभर लोकांचे फोन योग्य त्या टेबलावर पोचवले, घरातली प्रत्येक वस्तू कुठे आहे याची यादी केली. पण सासरच्या कोणत्याही कार्याला गेले, की दारातच कोणीतरी हात धरायचं, पंख्याखालच्या खुर्चीपाशी न्यायचं आणि म्हणायचं, "तुम्ही बसा, वहिनी." मला जन्मापासून दिसत नाही, एवढंच कारण. चहा हातात, ताट हातात. साधा लसूण सोलायलाही मला कोणी बसवलं नाही. लसूण काय डोळ्यांनी सोलतात?

म्हणून केदारखेड्याच्या नणंदेच्या मुलीचं लग्न ठरल्याबरोबर मी फोन करून सांगून टाकलं, की हळदीची गाणी माझ्याकडे. नणंद आमच्या ह्यांच्यापेक्षा मोठी. सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही म्हणते.

"कशाला तरास घेता?" अक्का म्हणाल्या. "मंडपवाला लावतो की कायतरी."

"मंडपवाला काय लावतो ते मागच्या लग्नात ऐकलंय मी. इकडे नवरदेवाला ओवाळणं चालू, अन् तिकडे गाणं दारूचं."

अक्कांना ते पटलं. "मंग करा. पण बराबर करा बरं. पाव्हणे राजूरचे हायेत, नावं ठेवण्यात पटाईत."

फोन ठेवला आणि मी यादी सुरू केली. माझ्याकडे तेवीस सीड्या होत्या. प्रत्येक डबीवर ब्रेलमध्ये आकडा टोचलेली पट्टी आणि कोणत्या आकड्यात काय आहे याची वेगळी वही. हळदीला हवी होती अकरा गाणी आणि ती नऊ वेगवेगळ्या सीड्यांवर विखुरलेली. हळद दळतानाचं आधी, लावतानाचं मग, न्हाणं झाल्यावर सनई. ही सगळी गाणी संगणकात उतरवायची, क्रमाने लावायची आणि त्यांची एकच सीडी करायची, असा बेत.

संगणक घरी येऊन तेव्हा वर्ष झालं होतं. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, म्हणजे स्क्रीन रीडर, वापरायचं शिक्षण मी औरंगाबादला पंधरा दिवस राहून घेतलं होतं. त्याचा आवाज पुरुषाचा, नाकातला आणि कायम घाईतला. आमच्या घरात त्याला साहेब म्हणत. साहेबाला मराठी येत नव्हतं. मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची आणि तो ते गोऱ्या कलेक्टरने गावात येऊन फर्मान वाचावं तसं वाचायचा. ऐकून ऐकून मला ते सवयीचं झालं होतं. पंखा फिरत असतो, आपण थोडंच त्याच्याकडे लक्ष देतो.

सीडीवरची गाणी उतरवून घ्यायचा प्रोग्राम संगणकात होता, पण साहेबाचं आणि त्याचं जमेना. मी कळ दाबली की साहेब म्हणे, "बटन." पुढे सरकले, "बटन." आणखी पुढे, "बटन." कशाचं बटन ते काही सांगायचा नाही. एक दाबलं तर सीडीचा ट्रे बाहेर आला. दुसरं दाबलं तर पडद्यावर रंगीत नागमोडी चित्रं नाचायला लागली, असं ह्यांनी चहा पिता पिता कळवलं.

"मग बंद करा ना ती."

"राहू दे, छान आहेत," हे म्हणाले.

शेवटी ज्याच्याकडून संगणक घेतला त्या दुकानदाराला फोन केला. त्याने सोपा उपाय सांगितला. "ताई, ते सोडा. गाणं नुसतं वाजवा आन् दुसऱ्या बाजूनं रेकॉर्डिंग चालू करा. कम्प्युटरमधून जो आवाज निघंल तो बिलकुल जसाच्या तसा भरला जाईल."

बिलकुल जसाच्या तसा. हे शब्द मी वहीत टोचूनसुद्धा ठेवले होते. वाचायला हवे होते.

रेकॉर्डिंगच्या खिडकीतली बटणं साहेब नावानिशी वाचत होता. मी कानाला हेडफोन लावले आणि कामाला लागले. पहिली तीन गाणी मी हात मांडीवर ठेवून नुसती ऐकली. काम मिळाल्याचा आनंद होता. चौथ्या गाण्याला मात्र वाटलं, हा वेळ फुकट चाललाय. गाणं पाच-सहा मिनिटांचं. तेवढ्यात एक यादी सहज होते. म्हणून गाणं तिकडे भरत राहिलं आणि मी इकडे दुसरी खिडकी उघडून केदारखेड्याला जाण्याची यादी टाइप करायला घेतली. मी एकेक शब्द लिही आणि साहेब तो वाची. यादी झाल्यावर नेहमीप्रमाणे एकदा सगळी वाचून घेतली. गाणंही संपलं. उरलेल्या सात गाण्यांच्या वेळी लिहिण्यासारखं काही राहिलं नव्हतं, म्हणून वाटाण्याच्या शेंगा सोलल्या.

तपासणी केली नाही असं कोणी म्हणू नये. प्रत्येक गाण्याचे पहिले दहा सेकंद आणि शेवटचे दहा सेकंद मी ऐकले. सगळं ऐकण्याचं काम ह्यांना दिलं होतं. ह्यांनी सीडी लावली, सोफ्यावर आडवे झाले आणि ती संपल्यावर सांगितलं, "एकदम झकास."

हळदीच्या दिवशी दुपारी केदारखेड्याला पोचलो. लगेच हात धरला गेला, खुर्ची आली. मी सीडी मंडपवाल्याच्या हातात दिली. माझ्या मूळ सीड्यांची पिशवी मात्र मांडीवरच ठेवली. मंडपवाला चांगला माणूस होता, पण त्याचं यंत्र मंडपाच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि मधे सगळी बायकामाणसं. दोन मोठे कर्णे बांधलेले, म्हणजे आवाज पार वेशीपर्यंत.

पहिली तीन गाणी सुरेख वाजली. राजूरच्या पाहुण्यांपैकी एक बाई म्हणाल्या, "गाणी कोणी निवडली? मस्त हायेत." मी खुर्चीत जरा ताठ बसले. चौथं सुरू झालं. बायका नवरीला हळद लावायला पुढे सरकल्या आणि गाण्याच्या पहिल्या कडव्यात साहेब म्हणाला, "वन. बॅग. डोन. साड्या."

मला कळायला एक क्षण लागला. पुढे काय येणार हे त्या सबंध मंडपात मला एकटीलाच माहीत होतं.

मंडपवाल्याला वाटलं, कुठेतरी वायर लागली. नीट ऐकू यावं म्हणून त्याने आवाज वाढवला.

मी उठले. लगेच कोणीतरी खांदा दाबला. "वहिनी, उठू नका. पाणी पाहिजे का?"

"पाणी नको, मला तिकडं–"

"टू," साहेब म्हणाला. "ह्यांच्या. हो ला. डोनदा. विचारणे."

बायकांत खसखस पिकली. "हे कोन इंग्रज बोलून राह्यलं?" कोणीतरी विचारलं. पुरुषांच्या बाजूने ह्यांचा खोकला ऐकू आला. मी पुन्हा उठले, दोन पावलं गेले, आणि दुसऱ्या कोणीतरी माझी खुर्चीच उचलून माझ्या मागे आणून ठेवली. "इथं बसा, इथून चांगलं ऐकू येतं."

"थ्री. अक्कांच्या. वरणात. मीठ. जास्त. असतं. सांगायचं. नाही. तीन. महिने. बोलणार. नाहीत."

आता हसण्याचा आवाज थांबला. हळदीच्या वाटीतला चमचासुद्धा थांबला. गाणं बिचारं मागे चालूच होतं.

"बंद करा ते," मी ओरडले. मंडपवाला म्हणाला, "करून राह्यलो बाई, पन हे बटन जाम झालंय."

"फोर. खुर्चीवर. बसवलं. तर. उठून. जाणे. वीस. वर्षांत. पहिलं. काम. बिघडवायचं. नाही."

एवढं बोलून साहेब गप्प झाला, आणि मग मी वाचून घेतली होती तशी सगळी यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. ती "बॅग"पर्यंत येते तोच मंडपवाल्याने वायरच उपटली.

नवरीच्या बांगड्या तेवढ्या वाजत होत्या. मी पिशवी घट्ट धरून उभी राहिले आणि अक्कांची पावलं ओळखली. पैंजण नाही, पण चपलेचा अंगठा सैल.

"बारशाला वरण खारट झाल्तं?" अक्कांनी विचारलं.

"हो, अक्का."

"अन् गुढीपाडव्याला?"

"तेव्हा थोडं."

"मंग तवाच सांगायचं न्हवं का?"

"तुम्ही बोलला नसता."

"न्हाईच बोलले असते," अक्का म्हणाल्या. "पन मीठ तर कळलं असतं."

राजूरच्या त्या बाई पहिल्यांदा हसल्या, मग सगळ्याच. अक्का हसल्या नाहीत. "मंडपवाले," त्यांनी हाक दिली, "वहिनीला मशीनपाशी जागा करा. त्यांचं काम अजून व्हायचंय."

मंडपवाल्याने वायर परत जोडली. मी मशीनपाशी गेले, बटणं चाचपून घेतली आणि पिशवीतल्या उरलेल्या गाण्यांच्या सीड्या एकेक काढून, डबीवरचा आकडा बोटाने वाचून, क्रमाने लावल्या. प्रत्येक गाण्यानंतर सीडी बदलायला थोडा वेळ जाई. त्या वेळात बायका स्वतःच गात. ओव्या माझ्या यादीत नव्हत्या, पण चांगल्या बसल्या. शेवटी सनई लागली तेव्हा हे मागे येऊन उभे राहिले.

"सगळी ऐकली होती ना तुम्ही?" मी विचारलं.

"तीन ऐकली," हे म्हणाले. "मग डोळा लागला."

"झकास कशावरून मग?"

"झोप छान लागली ना."

हळदीच्या दिवशीचा स्वयंपाक घरच्या बायकाच करतात, आचारी लग्नाच्या दिवशी. मी मशीनपाशी सीड्या डब्यांत भरत होते तेवढ्यात कोणीतरी मनगट धरलं. या वेळी खुर्चीकडे नाही, परसात. चुलीची धग लागली, भल्यामोठ्या पातेल्यात काहीतरी खदखदत होतं. अक्कांनी माझ्या हातात पळी दिली.

"चाखा."

मी फुंकून चाखलं. तिथे चार-पाच बायका असाव्यात. सगळ्यांचे हात थांबलेले ऐकू येत होते. खोटं बोलणं सोपं होतं, आणि यादीत तसं लिहिलेलंही होतं.

"कमी आहे," मी म्हणाले. "बरंच कमी. घाबरून टाकलंत."

एक जाऊ फस्सकन हसली. अक्का म्हणाल्या, "मंग टाका की. डबा डाव्या हाताला हाय."

"किती टाकू?"

"ते तुमी बघा, वहिनी. सारखं मलाच काय विचारता? माझी भाकर करपून राह्यली."

डबा उजव्या हाताला निघाला. मी तो उघडला, मूठ भरली आणि सगळ्या गावाच्या वरणात टाकली.