क्वेसी अंकलची पांढरी कोंबडी

आणि हो, ती कोंबडीच होती. पांढरी. मी कुठे नाही म्हणतेय?

सकाळपासून आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर 'ग्रेट आर्टिस्ट, आपल्या परिवारातले' चाललंय, म्हणून लिहितेय.

क्वेसी अंकल काल गेले. हार्ट अटॅक.

मूळचे घानाचे. इथे जपानमध्ये, ग्योतोकुत, आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायचे. आठवडाभर फॅक्टरी, रविवारी पेंटिंग. मला ब्रश धरायला त्यांनी शिकवलं.

गेल्या गणपतीत मंडळाने हॉलमध्ये आर्ट एक्झिबिशन ठेवलं. मीच त्यांच्या मागे लागले, द्या ना काहीतरी.

त्यांनी खास नवीन पेंटिंग केलं. काळं, घाण पाणी. त्यात गुडघाभर बुडालेली सुटाबुटातली माणसं. आणि मधोमध ती कोंबडी. एक पीसही भिजलेलं नाही.

"आमच्याकडे पांढरं म्हणजे धुतलेलं मन," ते म्हणाले. "माणसाला ते जमत नाही, म्हणून मी पक्ष्याला दिलं."

आणि आमचे अध्यक्ष नितीनदादा, त्यांना काय दिसलं?

चिकन.

"अगं, बाप्पासमोर नॉनव्हेज?"

"दादा, उंदीर चालतो, मोर चालतो..."

"ती वाहनं आहेत. ही करी आहे."

सगळे हसले. सगळे!

पेंटिंग गेलं दाराशी. चपलांच्या रॅकच्या वर.

सिरियसली? पवित्र म्हणून काढलेलं चित्र, विटाळ नको म्हणून चपलांपाशी?

अंकल आले. कडक इस्त्रीचा शर्ट. बूट काढायला वाकले, मान वर केली, तर समोर स्वतःचंच पेंटिंग.

"इथे का?"

"इथे लाइट चांगला आहे, अंकल."

हे खोटं मी बोलले. नितीनदादा नाही. मी.

ते हसले. "छान जागा आहे. इथे प्रत्येकजण वाकतो."

आज ग्रुपवर त्याच पेंटिंगचा फोटो फिरतोय. खालच्या चपला क्रॉप करून! फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

शनिवारी त्याच हॉलमध्ये शोकसभा. नितीनदादाचा मेसेज: "तू दोन मिनिटं बोल. पॉझिटिव्ह ठेव हं."

मी सगळं बोलणार होते. नावं घेऊन.

पण आत्ता संध्याकाळी अंकलच्या बायकोला, आंटींना, भेटून आले. माझा हात धरून म्हणाल्या, "तुमच्या लोकांनी त्याचं चित्र मुद्दाम दाराशी लावलं ना, आत येणाऱ्याने आधी तेच बघावं म्हणून? सगळ्यांना सांगायचा तो."

शनिवारी त्या पहिल्या रांगेत बसणार आहेत.

सॉरी, अंकल. शांतपणे जा.

आणि तुम्ही मला खरंच सांगा, आंटींसमोर मी हे बोलू का?