झुलालभाऊंचे खाली जाणारे आलेख

झुलाल बैसाणे माझ्या वर्गात पहिल्यांदा आले तेव्हा आधी त्यांची पट्टी आली. तांबड्या-काळ्या खुणांची ती लाकडी पट्टी दारातून आत शिरली ती शिरतच राहिली. माझ्या नाकासमोरून गेली, फळ्यासमोरून गेली, पलीकडच्या खिडकीतून बाहेर पडली आणि धुळ्याच्या गल्ली नंबर पाचमध्ये समोरच्या माडीवर वाळत घातलेल्या लुगड्यापर्यंत पोचली. त्यानंतर बराच वेळ कोणीच आले नाही. वर्गातली चौदा मंडळी श्वास रोखून बसली. मग पट्टीचे दुसरे टोक दिसले, टोकाला एक हात दिसला आणि हातामागून एक माणूस आला, तोही येतच राहिला. दारात कमरेत वाकून ते आत आले आणि सरळ झाले तेव्हा खोलीतली छतापर्यंतची सगळी जागा संपली. सवयीप्रमाणे त्यांनी पट्टीही उभी केली. माझ्या वर्गातल्या पंख्याला तोवर तीन पाती होती.

सतरा नंबरवाल्यांचा वर्ग हाच का, असे त्यांनी विचारले. मी होकार दिला, कारण नकार द्यायचे धैर्य नव्हते.

ही १९८४ सालच्या जूनमधली गोष्ट. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या मोठ्या माणसांसाठी मी एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर संध्याकाळी बीजगणिताचा वर्ग घेत असे. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि बीजगणितातले सगळे आपल्याला कळते अशी माझी समजूत होती. खाली गिरणी सुरू झाली की फळा थरथरे आणि माझ्या सरळ रेषा मिरचीच्या देठासारख्या वाकड्या येत. त्याचे खापर मी गिरणीवर फोडत असे.

झुलालभाऊ पाटबंधारे खात्यात खलाशी होते. या खात्यातल्या खलाशाचा जहाजाशी काही संबंध नसतो. झुलालभाऊंनी तर समुद्र पाहिलेलाही नव्हता. त्यांचे काम एकच. साहेब तिपाईवर दुर्बीण लावून एका जागी उभे राहत. झुलालभाऊ पट्टी घेऊन तीस मीटरवर जात आणि ती जमिनीवर उभी धरत. साहेब दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचत, मोठ्याने सांगत, वहीत लिहीत आणि हात हलवत. मग झुलालभाऊ आणखी तीस मीटर पुढे. असे बावीस वर्षे चालले होते. धुळे-साक्रीपासून शिरपूरपर्यंत जिथे जिथे म्हणून नवा पाट किंवा चारी निघाली, तिथे पाणी यायच्या आधी झुलालभाऊ येऊन उभे राहिलेले होते.

या बावीस वर्षांत त्यांना एकदाही दुर्बिणीला डोळा लावायला मिळाला नव्हता. तसा नियम होता की नाही ठाऊक नाही, पण पट्टी धरणाऱ्याने पट्टी धरायची, अशी रीत होती. मोजणीदार झाले तर मात्र दुर्बिणीच्या बाजूला उभे राहता येणार होते, आणि मोजणीदार व्हायला दहावी पास असावे लागे. बाकीचे सगळे विषय त्यांनी एकेक करून सोडवले होते. बीजगणितात ते सहा वेळा नापास झाले होते, दर वेळी तीन-चार गुणांनी.

“मला एकदा तिकडून बघायचंय, सर,” ते म्हणाले. “मी कसा दिसतो ते नाही. पट्टी कशी दिसते ते.”

पट्टी जराशी जरी कलली तरी आकडा चुकतो. त्यामुळे बावीस वर्षे सरळ उभे राहिलेला हा माणूस दुसऱ्या कुठल्या प्रकारे उभा राहूच शकत नसे. सोनगीरला हमरस्त्यावर ते एसटीची वाट पाहत उभे राहिले की नवखे लोक त्यांनाच थांब्याचा खांब समजून त्यांच्याजवळ पिशव्या ठेवत. त्यांच्या पत्नी मंदाबाई सांगायच्या की हे झोपतातही असेच. सकाळी गोधडीला एकसुद्धा सुरकुती नसते, जणू त्या जागी कोणी झोपलेच नव्हते.

आणि उतार. उताराच्या बाबतीत त्यांची नजर म्हणजे भीती वाटावी अशी होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला सांगितले की माझी माडी गिरणीच्या अंगाला कलली आहे, हातभर लांबीला दोन सूत, म्हणजे पाव इंच. मी गोटी आणून जमिनीवर सोडली. गोटी एक क्षण विचार करून गिरणीकडे निघाली. वरण-बट्टीच्या पंगतीला ते बसले की आधी जमीन न्याहाळत आणि वाढप्याला वरण कोणत्या बाजूने वाढायचे ते सांगत. शेजारचा कोणी हसला तर त्याच्या धोतरावर वरण येईपर्यंत ते शांतपणे वाट पाहत.

असा माणूस नेमका आलेखाच्या प्रश्नात शून्य मिळवत होता.

आलेखाचा प्रश्न तसा सोपा. x आणि y या दोन संख्यांची बेरीज पाच, एवढेच समीकरण सांगते. मग एक आणि चार घ्या, दोन आणि तीन घ्या, जोड्या हव्या तेवढ्या. त्या जोड्या चौकटीच्या कागदावर टिंबांनी मांडल्या की सगळी टिंबे एका सरळ रेषेत उभी राहतात. हे मी वर्षाला दहा वेळा शिकवत असे आणि त्यात नवल वाटायचे मी केव्हाच सोडून दिले होते. झुलालभाऊंनी सोडले नव्हते. चौथे टिंब आधीच्या तिघांच्या ओळीत बसले की ते पेन्सिल खाली ठेवत. “यांना असं ओळीत कोणी उभं केलं असंल?” ते विचारत. मी उत्तर देत नसे, कारण मला ते येत नव्हते. माझ्या तोंडावर मात्र ते येत असल्याचा भाव असे.

जुलैत मी दोन समीकरणे घातली. पहिले, x आणि y मिळून पाच. दुसरे, x च्या दुपटीतून y वजा केला तर एक. दोन्हींच्या रेषा काढा आणि त्या जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू सांगा. झुलालभाऊंचे उत्तर आले, दोन आणि तीन. अगदी बरोबर. पण आकृती बघून मला भोवळ आली. चढायला हवी ती रेषा खाली घसरत होती आणि उतरायला हवी ती वर चढत होती. y चा अक्ष त्यांनी वरपासून खाली मोजला होता. एक, त्याच्याखाली दोन, त्याच्याखाली तीन, विहिरीत उतरल्यासारखे.

मी चिडलो. हे उलटे आहे, परीक्षक याला भोपळा देणार, असे म्हणालो.

“उत्तर बराबर शे ना, सर?” झुलालभाऊंनी अहिराणीत विचारले. उत्तर बरोबर आहे ना, एवढेच त्यांचे म्हणणे.

रागाच्या भरात मी वहीचे ते पान खालून वर उलटवले आणि खिडकीच्या उजेडासमोर धरले. कागदातून पलीकडच्या रेषा दिसल्या, आणि त्या माझ्या फळ्यावरच्या आकृतीशी केसाइतक्याही चुकल्या नव्हत्या. उलट फळ्यावरच्या माझ्या रेषांपेक्षा त्या जास्त सरळ होत्या. सहा परीक्षकांनी सहा वर्षे ज्याला शून्य दिले होते ते काम निर्दोष होते. फक्त ते कागदाच्या मागून बघायला हवे होते. मी बराच वेळ पान तसेच धरून उभा राहिलो. वर्गाला वाटले सरांना चक्कर आली.

चूक सापडली म्हणजे सुटली असे मला वाटले. तसे काही झाले नाही. पुढचे तीन आठवडे मी त्यांना वरचे वर आणि खालचे खाली हे शिकवत होतो. समजावले, रागावलो, अक्षाच्या वरच्या टोकाला बाण काढून दिला. ते मान डोलवत, पेन्सिल घेत आणि हात आपला खाली जाई. चाळिशी ओलांडलेला माणूस स्वतःच्या हाताकडे असा बघत बसे की माझा राग निघून जाई. अखेर एका रविवारी त्यांनीच मला सोनगीरच्या अलीकडे चालू असलेल्या एका चारीच्या कामावर बोलावले. तुम्ही एकदा बघा, सर, मग मला शिव्या द्या, असे म्हणाले.

मी गेलो. साहेबांनी दुर्बीण लावली होती. झुलालभाऊंनी पट्टी उभी केली आणि ते स्वतःही पट्टीच झाले. साहेब ओरडले, एक बेचाळीस, म्हणजे एक मीटर बेचाळीस सेंटिमीटर. तीस मीटर पुढे, एक चव्वेचाळीस. आणखी पुढे, एक सेहेचाळीस. मी शहाणपणाने आलेखाची वही नेली होती. अंतर आडवे, आकडा उभा, असे मी मांडत गेलो. सुरेख सरळ रेषा आली आणि वर वर चढत गेली. माझ्या आलेखाप्रमाणे या चारीतले पाणी सोनगीरच्या किल्ल्यावर जाणार होते. समोर पाहिले तर चारी उतरत चालली होती.

झुलालभाऊ वहीत डोकावले आणि हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. “आकडा वाढना का जमीन खाले गयी, सर,” ते म्हणाले. “बावीस वरीस हाईच बठ्ठं.” बावीस वर्षे हेच सगळे, असा त्याचा अर्थ.

दुर्बिणीची नजर आडवी आणि एकाच उंचीवर असते. पट्टीचा पाय जमिनीवर असतो. जमीन जितकी खोल तितका नजरेपासून पायापर्यंतचा आकडा मोठा. ज्या माणसाच्या कानावर बावीस वर्षे मोठे आकडे पडले ते प्रत्येक वेळी खाली उतरताना, तो मोठा आकडा कागदावर वर कसा नेणार? मी त्याला तीन आठवडे खोटे बोलायला शिकवत होतो.

साहेब चहाला झाडाखाली गेले तेव्हा मी त्यांची वही मागितली. त्यात पट्टीच्या आकड्यांपुढे आणखी एक रकाना होता. तो कसला, असे विचारले. साहेबांनी मी बालवाडीतला असल्यासारखे सांगितले की समुद्रसपाटीपासूनच्या दुर्बिणीच्या उंचीतून पट्टीचा आकडा वजा करायचा, म्हणजे जमिनीची उंची मिळते. वजाबाकी कचेरीत बसून करतात. मी झुलालभाऊंना विचारले, हे तुम्हाला माहीत होते का. नव्हते. बावीस वर्षे ते आकडे उभे करत आले होते आणि त्या आकड्यांचे पुढे काय होते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

मी मातीत काडीने लिहिले. दुर्बिणीची उंची दहा धरू. तुमचा आकडा दोन, तर जमीन आठ. आकडा तीन, तर जमीन सात. x अधिक y बरोबर दहा.

ते उकिडवे बसले. “म्हणजे मी कुठंही उभा राहिलो तरी बेरीज दहाच?”

“दहाच.”

“खड्ड्यात?”

“तरी दहा.”

“आणि त्या टेकाडावर?”

“जोवर साहेब दुर्बीण हलवत नाहीत तोवर दहा, भाऊ.”

ते उठले. दुर्बिणीपासून पट्टीपर्यंत, मग पट्टीच्याही पलीकडे, क्षितिजापर्यंत त्यांनी हात आडवा फिरवला. दुपार झाली होती, उन्हात शेते थरथरत होती आणि जिथे त्यांचा हात फिरला तिथे काहीच नव्हते.

“हवेत रेघ शे,” ते हळू म्हणाले. “सरळ. आणि मी बावीस वर्षं तिच्याखालून फिरलो.”

पाच हजार वेळा मी फळ्यावर x अधिक y लिहिले असेन. ते समीकरण माळरानावर तिपाई रोवून उभे असते आणि एक उंच माणूस त्याच्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालत असतो, हे मला कोणत्या पुस्तकाने सांगितले होते? टिंबांना ओळीत कोणी उभे केले, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर निदान या एका रेषेपुरते मला मिळाले. झुलालभाऊंनीच उभे केले होते, एकेक करून, चपला झिजवत.

“परीक्षेत आकडा नाही विचारत,” मी म्हणालो. “जमीन विचारतात. वजाबाकी झाल्यानंतरची.”

“मग तसं सांगायचं ना आधी,” झुलालभाऊ म्हणाले. माझ्या हातातली वही घेऊन त्यांनी नवीन अक्ष काढला. एक, त्याच्यावर दोन, त्याच्यावर तीन. त्या चारीची जमीन त्यांनी त्याच्यावर मांडली, आणि रेषा डावीकडून उजवीकडे अलगद उतरत गेली. हिच्या उताराला पुस्तकात ऋण चढ म्हणतात, असे मी सांगितले. पुस्तकवाल्यांनी चारी पाहिलेली दिसत नाही, एवढेच ते म्हणाले.

साहेब अजून झाडाखालीच होते. दुर्बीण मोकळी होती. बघून घ्या एकदा, मी विचारतो साहेबांना, असे मी म्हणालो. झुलालभाऊंनी पट्टी खांद्यावर घेतली.

“मोजणीदार झाल्यावर बघेन, सर,” ते म्हणाले.

मार्च १९८५च्या परीक्षेत आलेखाचा प्रश्न आला. झुलालभाऊंनी तो सर्वांत आधी सोडवला. पेपर संपल्यावर त्यांनी मला फाटकाशी गाठून, जमीन वर आणि उतार खाली, असे सविस्तर सांगितले. बीजगणितात त्यांना पंचाहत्तरपैकी एकोणपन्नास मिळाले. मंदाबाईंनी गल्लीत पेढे वाटले आणि माझ्या वर्गाला नवा पंखा दिला.

दोन वर्षांनी ते मोजणीदार झाले आणि त्यांची बदली जळगावच्या एका कार्यालयात झाली. त्या कार्यालयात दुर्बीण नव्हती. निवृत्त होईपर्यंत नऊ वर्षे ते तिथे आलेल्या टपालाची नोंद ठेवत होते.